थोराड गड्याची चढाई

२०१८ च्या ऑक्टोबरात प्रो कबड्डीचा सहावा मोसम सुरू झाला आणि यू मुंबाच्या बाजूने एक नवा गडी मध्यरेषा ओलांडून आत शिरला. सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. उंचापुरा, रुंद खांद्यांचा, भरल्या मांड्यांचा. अशा अंगाचा पोरगा गावच्या संघात असला की त्याला बहुधा पकडीला ठेवतात. चढाईला सडसडीत, हलक्या पायाचे गडी जातात. देसाई मात्र चढाईच करत होता. कंबरेला एकाने मिठी मारली, मांडीवर दुसरा पडला, तरी दोघांना घेऊन तो मध्यरेषेकडे सरकत राही आणि शेवटी हात लांबवून बोटे रेषेपलीकडे टेकवी. त्या मोसमात २१ सामन्यांत त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. लोक त्याला ‘बाहुबली’ म्हणू लागले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती.

थोराड अंगाचा गडी चढाईत टिकतो का, हा वाद पार, तालीम, मैदान सगळीकडे जुनाच आहे. देसाईने त्याला ताजे खाद्य दिले.

अमेरिकेतही अगदी हाच वाद आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाचा खेळाडू चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसतो. त्याला पाडायला अकरा जण टपलेले असतात आणि मिळेल ती फट शोधून पुढे जाणे एवढेच त्याचे काम. आपल्या चढाईपटूचा हा दूरचा भाऊच. दोघेही परक्या मुलखात एकटे जातात, दोघांनाही धरून आडवे करायला अनेक हात पुढे येतात. फरक एवढाच, की आपल्या गड्याला परतही यावे लागते, तेही दम न सोडता.

शरीर किती मोठे असावे, या प्रश्नाशी औंधचे नाते जुने आहे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले हे गाव एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. संस्थानचा मुलूख तुकड्यातुकड्यांचा होता: इकडे औंध, तिकडे आताच्या सांगली जिल्ह्यातले कुंडल आणि आटपाडी. अवघी बहात्तर गावे. या संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि व्यायामाचे जबर वेडे होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेले संग्रहालय आजही लोक पाहायला येतात. त्यांच्या व्यायामाची गोष्ट तितकी सांगितली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या बलदंड माणसाने सगळ्या जगाला वेड लावले होते. पिळदार दंड, फुगलेली छाती, डंबेल्स. बाळासाहेबांनीही १८९७ च्या सुमारास त्याची पुस्तके आणि साधने मागवून दहाएक वर्षे निष्ठेने ती मेहनत केली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. १९३८ मध्ये, सत्तरीत, त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मनात कबड्डी नव्हती, आरोग्य होते. तरीही एखाद्या चढाईपटूला समोर उभे करून नमस्कार घालायला लावले, तर त्यांच्या निवडीचा अर्थ लगेच कळतो. एक पाय मागे लांब, दुसरा गुडघा छातीशी, कंबर खाली, मान वर. निदान रेषेजवळ हात टाकायला वाकलेला गडी थेट याच आकारात असतो. सँडोच्या डंबेल्सनी छाती वाढते. हा वाक डंबेल्सनी येत नाही.

यामागे साधे गणित आहे. एखाद्या माणसाचे शरीर सगळ्या बाजूंनी दहा टक्के मोठे केले, तर त्याचे वजन दहा टक्क्यांनी वाढत नाही. ते तेहतीस टक्क्यांनी वाढते, कारण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वाढतात. स्नायूची ताकद मात्र त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर अवलंबून असते, आणि तो छेद वाढतो एकवीस टक्क्यांनी. थोराड गड्याकडे एकूण ताकद जास्त असते, पण स्वतःच्या प्रत्येक किलोमागे ती नऊएक टक्के कमी पडते. सरळ रेषेत धडक द्यायची तर थोराड गडी भारी. थांबायचे, वळायचे, पुन्हा उसळायचे असेल तर त्याला स्वतःच्याच वजनाशी कुस्ती करावी लागते. गुडघा आणि घोटा ही कुस्ती रोज खेळतात.

हे गणित इथल्या मातीने फार पूर्वी ओळखले होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंत, ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकून आले. सांगलीजवळच्या कवठे पिरानचे मारुती माने १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत वरच्या वजनाच्या गटात सुवर्णपदक घेऊन आले. दोघांची गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत, अंगकाठी मात्र दोन टोकांची. कुस्तीने तंटा असा मिटवला: लहानाची लहानाशी लढत, मोठ्याची मोठ्याशी. अमेरिकी फुटबॉलने तंटा मिटवलाच नाही, ज्याला जेवढे वजन आणायचे तेवढे आणा. कबड्डीने मधली वाट धरली. पुरुषांच्या वरिष्ठ गटात आणि प्रो कबड्डीत वजन ८५ किलोंच्या आत हवे. त्याच्या खाली मग साठ किलोंचा चपळ कोपरा रक्षक आणि पंच्याऐंशीचा दांडगा चढाईपटू एकाच मॅटवर समोरासमोर येतात.

या ८५ च्या रेषेमुळे ‘थोराड’ या शब्दालाच दोन अर्थ येतात. सव्वासहा फुटांचा गडी ८५ किलोंत बसवायचा म्हणजे तो लांबलचक आणि काटक होणार. साडेपाच फुटांचा ८५ किलोंचा म्हणजे बुटका, घट्ट, पाट्यासारखा. दोघांचे वजन एकच, पण चढाई वेगळी.

लांब गड्याचा फायदा मॅटवर टेप धरून मोजता येतो. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर आहे आणि तिच्यापलीकडे आणखी एका मीटरवर बोनस रेषा. समजा, निदान रेषेवर गड्याचा घोटा धरला गेला आणि तो मध्यरेषेकडे तोंड करून पालथा पडला. सहा फूट दोन इंचांच्या माणसाचा वर केलेला हात टाचेपासून साधारण २ मीटर ४० सेंटीमीटरवर पोहोचतो. साडेपाच फुटांच्या माणसाचा साधारण २ मीटर १५ सेंटीमीटरवर. म्हणजे पहिल्याला आणखी सव्वा-दीड मीटर ओढत जावे लागेल, दुसऱ्याला त्याहून पाव मीटर अधिक. पाव मीटर म्हणजे एक वीत. पकडीच्या वेळी वीतभर अंतर काय करते, हे ज्याची बोटे रेषेच्या अलीकडे खरवडत राहिली आहेत त्यालाच विचारावे. हाताने गडी टिपतानाही हीच वीत कामी येते: लांब हाताचा गडी दूर उभा राहून स्पर्श करतो आणि स्वतः पकडीच्या टापूबाहेर राहतो.

तोटाही त्याच लांबीतून येतो. लांब पाय म्हणजे धरायला लांब खुंटा. बुटका, चलाख कोपरा रक्षक खाली बसूनच असतो. त्याचे डोळे गड्याच्या घोट्याच्या पातळीला असतात. थोराड चढाईपटूचे डोके वर, घोटा खाली, आणि मध्ये पावणेदोन मीटरचे अंतर. तो वाकायला आळस करू लागला की घोट्याची पकड बसते, पाठोपाठ मध्यरक्षक कंबरेवर येतो, आणि साखळी पुरी होते. म्हणून जाणते प्रशिक्षक असल्या पोराला ताकदीबद्दल काही सांगत नाहीत. ते एकच गोष्ट बोलत राहतात: खाली बस.

भरीव गड्याचे उत्तम उदाहरण मणिंदर सिंग. पंजाबचा हा चढाईपटू २०१४ मध्ये पहिल्या मोसमात विजेत्या जयपूर पिंक पँथर्सकडून खेळला. मग दुखापतीमुळे काही मोसम बाहेर राहिला आणि बंगाल वॉरियर्सकडून परतला. त्याच्या चढाईत नाचकाम नाही. तो सरळ येतो, खांदा खाली घालतो आणि साखळी जोडली जाण्याआधी तिच्यातून निघून जातो. २०१९ मध्ये बंगालने विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार तोच होता, आणि चढाईच्या हजाराहून अधिक गुणांचा टप्पा त्याने केव्हाच मागे टाकला आहे. याच्या उलट टोकाला प्रदीप नरवाल. अंगाने मोठा नाही, पण डुबकी अशी की धरणाऱ्याच्या हातांखालून पाणी निसटावे तसा निसटे. २०१७ च्या पाचव्या मोसमात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. आकड्यांच्या शर्यतीत डुबकी पुढे आहे, हे मान्य करायला हवे. पण साखळी अंगावर पडल्यानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर डुबकीकडे नसते. ते मणिंदरकडे आणि देसाईकडे असते.

सांगलीकरांना इथे काशिलिंग आडके आठवेल. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा हा गडी २०१५ च्या दुसऱ्या मोसमात सर्वोत्तम चढाईपटू ठरला. त्याच्या खेळात ताकद आणि चपळाई दोन्ही होत्या, आणि या भागात चढाईपटूकडून अजूनही तीच अपेक्षा असते.

अमेरिकी फुटबॉलमध्ये वजनाला छत नाही, त्यामुळे तिथे प्रयोग टोकापर्यंत गेला. नायजेरियातून थाळीफेकपटू म्हणून गेलेला क्रिस्टियन ओकोये. वजन सुमारे ११८ किलो. त्याने हा खेळ महाविद्यालयात गेल्यावर, विशी उलटल्यानंतर प्रथम हातात घेतला आणि १९८९ मध्ये १,४८० यार्ड धावून सबंध लीगमध्ये पहिला आला. मात्र १९९२ च्या मोसमानंतर त्याची कारकीर्द संपली. अर्ल कॅम्बेल त्याच्या आधीचा. १९७८ ते १९८० सलग तीन वर्षे तो लीगमध्ये अव्वल होता. समोरच्याला चुकवण्याऐवजी त्याच्या अंगावरून जाणे ही त्याची रीत होती, आणि त्या प्रत्येक धडकेची किंमत त्याच्या पाठीने आणि गुडघ्यांनी चुकवली. निवृत्तीनंतर त्याला चालायला आधार लागू लागला, पुढे चाकाची खुर्ची.

आणि मग डेरिक हेन्री. उंची सहा फूट दोन इंच, वजन सुमारे ११२ किलो. २०२० मध्ये त्याने एका मोसमात २,०२७ यार्ड काढले. आपल्या मापात सांगायचे तर अंगावर माणसे घेत सव्वाअठराशे मीटरांहून अधिक. पुढच्या वर्षी पायाचे हाड मोडले. आता संपला, असे अनेकांनी ठरवले. त्यानंतर २०२४ मध्ये, तिशीत, नव्या संघाकडून त्याने १,९२१ यार्ड काढले. हेन्रीची धाव नीट पाहिली तर दिसते, की पहिली दोन पावले तो सावकाश, फट शोधत टाकतो. वेग तो मोकळ्या जागेत घेतो. समोरून येणाऱ्याला तो एक हात लांब करून दूर ठेवतो. धडक हा त्याच्यासाठी शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. ओकोये आणि कॅम्बेलपेक्षा तो का टिकला, याचे माझ्या मते मोठे कारण हेच.

देसाईच्या वाट्यालाही दुखापत आलीच. टायटन्सकडे सातव्या मोसमात त्याने पुन्हा दोनशेहून अधिक गुण घेतले, पण आठव्या मोसमात सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने तो बाहेर पडला. पकडणारे त्याच्या हाताला लोंबकळत आणि तो त्यांना ओढत नेई. ते सगळे ओझे खांद्याच्या एका सांध्यावर पडत होते. तो परत आला, नंतर हरियाणा स्टीलर्सकडे गेला. पहिल्या दोन मोसमांची ती सरसकट हुकमत मात्र पुन्हा दिसली नाही.

म्हणून उत्तर होकारार्थी आहे, पण ते सोपे नाही. थोराड गडी चढाईत यशस्वी होतो, आणि झाला तर असा होतो की प्रेक्षक जागेवरून उठतात. त्यासाठी त्याला लहान गड्यांपेक्षा दुप्पट कष्ट कंबरेखालच्या शरीरावर घ्यावे लागतात. घोटा, मांडीचा सांधा, वाक. बाळासाहेबांनी जे डंबेल्स बाजूला ठेवून निवडले, नेमके ते.

सातारा-सांगलीच्या गावोगावी यात्रेच्या आणि जयंतीच्या दिवसांत वजनी गटांच्या कबड्डी स्पर्धा होतात. मॅटशेजारी वजनकाटा असतो. पोरे शर्ट काढून रांगेत उभी राहतात, कुणी सकाळपासून पाणीही प्यालेला नसतो, कुणी काट्यावर चढण्याआधी मैदानाला आणखी एक फेरी मारून येतो. तिथेच बऱ्याच थोराड पोरांचे भवितव्य ठरते. काटा पाहून कुणीतरी म्हणतो, “याला पकडीला घ्या,” आणि तो पोरगा चढाई कधी शिकतच नाही. हे चुकते, असे अगदी ठामपणे म्हणावेसे वाटते. सोळा-सतराव्या वर्षी वाढ अजून सुरू असते, लांब पायांवर ताबा यायला वेळ लागतो, आणि ज्याला त्या वयात फक्त पकडीला उभे केले त्याचे पाय पुढे चढाईची लय पकडत नाहीत.

अशा पोराने रोज वीस चढाया कराव्यात, असे सांगणारे प्रशिक्षकही आहेत. ते त्याच्या उंचीच्या निम्म्यावर एक दोरी बांधतात आणि त्या दोरीखालून, डोके न लावता, निदान रेषेपर्यंत जाऊन यायला लावतात. पहिल्या आठवड्यात दोरी दर फेरीला हलते. पोरगा घामाघूम होतो, मांड्या थरथरतात, बारक्या अंगाची पोरे बाजूला उभी राहून हसतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोरी स्थिर राहू लागते. मग प्रशिक्षक ती चार बोटे खाली घेतो.