साडेतीन किलोमीटरचं भुयार आणि आसनगावची रिक्षा

मी मूळचा शहापूरचा, नोकरी पुण्यात, राहायला स्वारगेटजवळ. शुक्रवारी ऑफिस सुटलं की माझा प्रवास असा: स्वारगेट ते शिवाजीनगर, तिथून ट्रेनने कल्याण, मग लोकलने आसनगाव आणि शेवटी शेअर रिक्षाने शहापूर. यातला सगळ्यात बेभरवशाचा तुकडा कुठला होता माहितीये? पहिलाच! वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो की शिवाजीनगरची गाडी गेली, आणि तिथून पुढचं सगळं गणित कोसळलं.

२९ सप्टेंबर २०२४ ला हे बदललं. पुणे मेट्रोचा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. सिव्हिल कोर्टनंतर स्टेशनं तीनच: कसबा पेठ, मंडई, स्वारगेट.

आता प्रश्न असा, की बाकीची बरीचशी मेट्रो खांबांवरून जाते, मग इथे भुयार का? कारण वर पेठा आहेत. अरुंद गल्ल्या, जुने वाडे, भिंतीला भिंत लागलेली घरं. खांब उभा करायचा तर आधी घरं पाडावी लागली असती. शिवाय मध्ये मुठा नदी. म्हणून टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी मशीन, खाली उतरवली. तिचं पुढचं गोल तोंड फिरत फिरत खडक फोडतं. फुटलेला माल मागे येतो. मागच्या बाजूला काँक्रीटचे तयार तुकडे जोडून एक गोल कडं बसवतात आणि त्याच कड्याला रेटा देऊन मशीन पुढे सरकते. खणायचं, कडं बसवायचं, सरकायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक लूप! पुण्यातल्या मशीनना नावंही नद्यांची: मुळा, मुठा, पवना.

सिव्हिल कोर्ट स्टेशन तर सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली बिल्डिंग उलटी जमिनीत घातल्यासारखं. वनाज-रामवाडी मार्ग तिथे वरून जातो, आपला खालून. दोन्ही मार्ग इथे भेटतात, त्यामुळे हा छोटा तुकडा अख्ख्या जाळ्याला उपयोगी पडतो. स्वारगेटला एसटी आणि पीएमपीची बस मिळते. पुढे कात्रजपर्यंतच्या ५.४६ किलोमीटर भुयारी मार्गालाही ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

याहून छोटं उदाहरण बघा. जपानमध्ये नागोया शहरात कामिइदा नावाची भुयारी लाइन आहे. लांबी फक्त ०.८ किलोमीटर, स्टेशनं दोन! उपनगरातून येणारी कोमाकी लाइन कामिइदाला येऊन संपायची आणि शहराची सबवे तिथून जरा लांब. लोक मधलं अंतर चालत नाहीतर बसने काटायचे. मार्च २००३ मध्ये हा तुकडा जोडला, आणि आता तीच गाडी सरळ सबवेच्या स्टेशनात येते. एवढ्याशा अंतरासाठी त्यांनी जमीन खणली, कारण प्रवास तुटतो तो अशा छोट्या तुकड्यातच.

हे वाचलं तेव्हा मला आसनगाव आठवलं. स्टेशन ते शहापूर अंतर जेमतेम तीनेक किलोमीटर. पण लोकल उशिरा आली की रिक्षा मिळेलच असं नाही. मग बाबा बाइक काढतात. त्यांना रात्री समोरच्या गाडीच्या लाइटचा त्रास होतो, तरी हायवेने येतात. मी कितीदा सांगतो, "बाबा, नका येऊ, मी येतो चालत." ऐकत नाहीत. आणि मुरबाडकरांनो, तुमच्याकडे तर अजून रेल्वेच नाही, तुमचा तुकडा कल्याणपासूनच सुरू होतो.

शहापूरला भुयार खणा असं मी म्हणत नाहीये. शेवटच्या लोकलला जुळणारी एक बस असली तरी पुरे. फक्त एवढंच, की प्रवास घराच्या दारापर्यंत मोजायचा, स्टेशनापर्यंत नाही.

तुमच्या प्रवासातला तुटलेला तुकडा कुठला? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!