इंचाचं डोकं, मिलिमीटरचे आटे

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत आठ मिलिमीटरचा बोल्ट मागितला, तर दुकानदार मान वर न करता मूठभर बोल्ट काट्यावर टाकतो. तोच बोल्ट एमजी टीसी या जुन्या इंग्रज गाडीच्या इंजिनात लावून पाहिला, की दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे जोर केला की संपलं. इंजिनाच्या तळाचा संप अॅल्युमिनियमचा; त्याचे आटे सोलून हातात येतात. बाजारातल्या आठच्या बोल्टाचा पिच सव्वा मिलिमीटर, या इंजिनाला हवा तो एका मिलिमीटरचा. बरं, बारीक आट्यांचा बोल्ट कुठून शोधून आणला, तरी त्याचं डोकं चुकीचं निघतं. मूळ बोल्टाला व्हिटवर्थचा, म्हणजे इंची मापाचा पान्हा लागतो.

संपादकांना खरं तर रंगीत फोटोंचा लेख हवा होता: तारांची चाकं, पुढे आडवी पडणारी काच, मागून बिजागऱ्या असलेली दारं. धरमपेठेतल्या ज्या बंगल्यात ही गाडी आहे तिथे फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. पोर्चमध्ये विटांवर चासिस, कोपऱ्यात इंजिन, आणि बाकीची गाडी चिठ्ठ्या लावलेल्या डालड्याच्या डब्यांत. मालक कोळसा खाणीतून निवृत्त झालेले अभियंते. नाव छापू नका म्हणाले. छापलं की गिऱ्हाइकं आणि भंगारवाले दोघंही फाटकाशी येतात. आपण त्यांना काका म्हणू.

इतिहास सगळीकडे मिळतो, म्हणून थोडक्यात. मॉरिस गॅरेजेस ही ऑक्सफर्डची गाड्या विकणारी आणि दुरुस्त करणारी पेढी. तिचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानं साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी झाली. अॅबिंग्डनचा तिचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. टीसी ही १९४५ ते १९४९ मधली, एकूण दहा हजारांच्या आसपास बनलेली. बाराशे पन्नास सीसी, ५४ अश्वशक्ती. सगळ्या टीसी उजव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे आपल्या रस्त्यांवर अडचण नाही. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या एमजीशी तिचं नावापलीकडे नातं नाही.

माझं लक्ष मात्र त्या बोल्टावरून हलेना. इंचांच्या देशात बनलेल्या इंजिनाला मेट्रिक आटे आले कुठून? उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. हॉचकिस या फ्रेंच शस्त्र-कंपनीनं तेव्हा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मशिनगनचा कारखाना काढला. लढाई संपली, बंदुकांची मागणी संपली, आणि तिथेच मॉरिस गाड्या बनवणाऱ्या विल्यम मॉरिससाठी इंजिनं बनू लागली. १९२३ मध्ये मॉरिसनं कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, ती आटे मिलिमीटरमध्येच पाडणार. सगळी बदलणं परवडणारं नव्हतं. पण गावोगावच्या इंग्रज मेकॅनिकांकडे पान्हे व्हिटवर्थचे. तेव्हा तोड निघाली ती अशी, की आटे यंत्राला सोयीचे आणि डोकं पान्ह्याला सोयीचं. ही तडजोड टीसीच्या इंजिनापर्यंत टिकली. त्यात गंमत म्हणजे त्याच गाडीच्या चासिसचे नट-बोल्ट इंचांतले, बीएसएफ जातीचे, आणि विजेच्या बारीक स्क्रूंची जात आणखी तिसरी, बीए. काकांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यासाठीच.

एमजीचीच एमजीए ही गाडी घेतलेल्या माणसाला हा ताप कमी. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अॅम्बेसेडरच्याच घराण्यातलं. नागपुरात हिवाळी अधिवेशनाला पांढऱ्या अॅम्बेसेडरांच्या रांगा लागत, तेव्हा त्यांच्या बॉनेटखाली एका स्पोर्ट्स कारचा चुलतभाऊ खोकत होता, हे किती आमदारांना ठाऊक असेल! त्या इंजिनाचं काम केलेले हात गावात अजून सापडतात. टीसीवाल्याला असा शेजार नाही.

त्याला हिंगण्याच्या एमआयडीसीत जावं लागतं. काका मला ज्या लेथवर घेऊन गेले तिथे एरवी ट्रॅक्टरच्या अवजारांच्या पिना आणि बुश होतात. टर्नरनं जुना बोल्ट उजेडात धरला, आट्यांवर पिच गेजची पत्ती टेकवली आणि म्हणाला, "आटे मिलिमीटरचे, अन् डोकं इंचाचं. कोन्या शहाण्यानं बनवलं हे?" मग कपाटातून एक मोठं, फडक्यात गुंडाळलेलं गिअर काढलं. १२७ दातांचं.

हे गिअर मी पाहत राहिलो. त्याचा लेथ जुना, लीडस्क्रू इंची. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा पाच इंच म्हणजे नेमके १२७. त्याहून लहान पूर्णांकात हा हिशेब बसत नाही, आणि १२७ ही मूळ संख्या असल्यानं लहान गिअरांच्या जोडीनंही ती जुळवता येत नाही. एवढे दात असलेलं एक चाक मध्ये घातलं, की इंची यंत्र चोख मिलिमीटर कापतं. अट एकच. इंची आटे पाडताना टूलच्या कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा हाफनट सोडून ती हातानं मागे आणता येते. इथे नट सोडायचा नाही. सोडला तर पुढचा काप आधीच्या खाचेत बसेलच असं नाही. म्हणून दर कापाला टूल बाहेर ओढायचं, मोटर उलटी फिरवायची, पूर्ण मागे यायचं, पुन्हा आत. घाई केली की बोल्ट भंगारात. षटकोनी डोकं त्यानं मिलिंगवाल्याकडे न पाठवता कानशीनं पान्ह्याला बसतं केलं. मला तो माणूस फार आवडला. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट करायला मात्र त्यानं साफ नकार दिला: "हे तुटलं तं इंजिनच फुटते न काका. हे तिकडूनच मागवा." कुठे थांबायचं हे कळणारा कारागीर मला अवघड काम करणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आता अडचणी. टीसीच्या बॉडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला आहे, आणि तो सांगाडा अॅश लाकडाचा. हे लाकूड चिवट, धक्के सोसणारं. क्रिकेटच्या स्टंपांना वापरतात ते. पण ओल लागली की कुजतं, आणि वाळवीपुढे त्याचं काही चालत नाही. काकांच्या सांगाड्याचा निम्मा भाग भुसा झालाय. विदर्भात बसून यावर सागवानाशिवाय दुसरं काय सुचणार? बल्लारशाचं सागवान, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेलेलं. कुजत नाही, वाळवी लागत नाही. सुतार खूश, पण सागवानाला अॅशची लवचीकता नाही, आणि त्याच्यातल्या तेलामुळे सांध्यांना सरस नीट धरत नाही. शिवाय उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत सुकून आक्रसलेलं लाकूड जुलैत फुगलं, की दार लागेनासं होतं.

मग सरकारी नियम. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला नेता येते; रोज भाजी आणायला नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. पत्र्याआड अॅशच्या जागी सागवान आलं, तर तो बदल धरायचा की दुरुस्ती? मला ती दुरुस्ती वाटते. तपासणी करणाऱ्याला तसं वाटेल याची हमी काकांना कोणी देत नाही.

पेट्रोलचं वेगळंच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या एसयू कार्ब्युरेटरमधल्या कॉर्कच्या सीलना आणि जुन्या रबराच्या नळ्यांना ते मानवत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. देशात इथेनॉलचा सर्वांत मोठ्यानं पुरस्कार करणारे मंत्री नागपूरचेच खासदार, यावर काका फक्त हसतात आणि नव्या सिंथेटिक रबराच्या नळ्या दाखवतात.

बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासिसला जोडायचं असतं, हे दर नव्या इलेक्ट्रिशियनला नव्यानं समजवावं लागतं. त्यानं ऐकलं नाही तर डायनामोची वाट लागते.

संपचे उरलेले बोल्ट अजून व्हायचे आहेत. टर्नरचा मुलगा बुटीबोरीत सीएनसी चालवतो. त्या यंत्राला इंच-मिलिमीटर सारखंच, १२७ दातांची गरज नाही. पण डझनभर बोल्टांसाठी तिथे कोणी जॉब लावत नाही. आणि बापाकडे सध्या पेरणीची कामं. पोळा झाल्यावर या, असं त्यानं काकांना सांगितलंय. नमुन्याचा बोल्टही सोबत आणायला सांगितलंय. आधीचा त्याच्याकडून हरवला.