जमिनीवरचे सुकाणू

गळिताच्या हंगामात कऱ्हाडच्या किंवा सांगलीच्या बाजूस उसाने लादलेली बैलगाडी कारखान्याच्या आवारात वळताना ज्याने लक्षपूर्वक पाहिली असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट खचित आली असेल, ती ही की, या गाडीला सुकाणू नसते. दोन चाके, मधला आस, जू आणि त्या जुवाला जुंपलेले दोन बैल एवढाच तिचा सरंजाम. तरीही वजनकाट्याच्या अरुंद तोंडाशी ती आपले ओझे सांभाळून बिनचूक वळते. डावीकडे वळायचे झाले म्हणजे गाडीवान डाव्या बैलाचा कासरा आखडतो, उजव्याला हाकारून पुढे काढतो. एका बाजूची चाल मंदावली व दुसरीची वाढली की गाडी फिरलीच. हीच विद्या शेकडो कोटींच्या प्रवासी विमानालाही, जमिनीवर त्याचे सुकाणू निकामी झाले असता, उपयोगी पडते, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु ते अक्षरशः खरे आहे, आणि त्या सुकाणूचा परिचय करून देताना आरंभ गाडीवानापासून करावा हेच उचित आहे.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा विमानाशी संबंध अगदीच नाही असे नव्हे. कोयना धरणाच्या उभारणीच्या काळात, १९५५ च्या सुमारास, कऱ्हाडजवळ धावपट्टी तयार झाली. सांगलीजवळ कवलापूरचीही जुनी धावपट्टी आहे. तथापि इकडच्या प्रवाशाला मोठे विमान गाठायचे तर पुण्याची, कोल्हापूरची अथवा बेळगावची वाट धरावी लागते. कोल्हापुरास ये-जा करणाऱ्या विमानांत एटीआर ७२ या पंखेवाल्या विमानाचा भरणा राहिला आहे. प्रवासी, सामान आणि इंधन मिळून त्याचे वजन उड्डाणाच्या वेळी २३ टनांच्या घरात जाते. एअरबस ए३२० चे तर ७८ टनांपर्यंत पोहोचते. एवढा भार विमानतळावरच्या अरुंद वाटेने, म्हणजे टॅक्सीवेवरून, धावपट्टीच्या तोंडाशी नेऊन उभा करणे हे काम वाटते तितके सामान्य नाही. हवेत विमानाला वळवणारे पंखांचे व शेपटीचे फलक मंद गतीला वारा अपुरा असल्यामुळे जवळजवळ निरुपयोगी ठरतात, आणि साऱ्या वळणांची जबाबदारी पुढच्या जोडचाकावर येऊन पडते.

प्रारंभीच्या विमानांना असे वळते पुढचे चाक नव्हतेच. १९४९ साली नागपूर केंद्र धरून आपल्याकडे रात्रीच्या टपालाची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ती वाहणारी डाकोटा विमाने शेपटीखालच्या लहान चाकावर टेकून उभी राहत. ते चाक मोकळेपणी गरगर फिरणारे. त्याला दिशा देण्याची सोय नसे. डाकोटाचा वैमानिक एका बाजूचा ब्रेक दाबून अथवा एका इंजिनाचा जोर वाढवून विमान वळवी, म्हणजे तो कासरा हाती धरलेला गाडीवानच होता. पुढे तिसरे चाक नाकाखाली आले, विमाने जड झाली, आणि त्या चाकाला स्वतंत्र सुकाणू देणे भाग पडले. सुकाणू हा शब्दही आपल्याकडे अरबी ‘सुक्कान’वरून दर्यावर्दी लोकांबरोबर आला, तो आज असा जमिनीवर आणि विमानात जाऊन बसला आहे.

त्याची रचना अशी असते. कप्तानाच्या डाव्या हाताशी एक लहानशी मूठ किंवा अर्धचक्र असते. त्याला टिलर म्हणतात. ते फिरवले की तारांच्या अथवा विजेच्या मार्गाने इशारा पुढच्या चाकाच्या खांबापर्यंत पोहोचतो, तेथील झडप उघडते, आणि चौरस इंचाला ३,००० पौंड इतक्या दाबाचे तेल सिलिंडरात शिरून चाकांना फिरवते. ए३२० मध्ये टिलरने चाक दोन्ही बाजूंस ७५ अंशांपर्यंत वळते, एटीआरमध्ये ६० अंशांपर्यंत. ए३२० ला पायाच्या पेडलांनीही चाक फिरवता येते; पण अवघे ६ अंश, कारण वेगात धावताना अधिक वळण घातक ठरते. वेग वाढत जाईल तसतशी टिलरची सत्ता यंत्रच कमी करत नेते, हा त्यातला मोठा विवेक आहे.

या साऱ्या व्यवस्थेतली मला सर्वांत हृद्य वाटणारी वस्तू मात्र बोटभर लांबीची एक खीळ आहे. विमान फलाटावरून मागे ढकलताना ट्रॅक्टरचा दांडा पुढच्या चाकाला जोडतात. त्या वेळी सुकाणूतला तेलाचा दाब कायम राहिला तर ट्रॅक्टर आणि सुकाणू यांची ओढाताण होऊन दांडा मोडेल, किंवा जवळचा माणूस जायबंदी होईल. म्हणून खांबाजवळच्या छिद्रात ही खीळ घालून दाब बंद ठेवतात. तिला लांब तांबडी फीत बांधलेली असते. दांडा सोडल्यावर तंत्रज्ञ खीळ उपसतो, विमानापासून दूर, कप्तानाला दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो, आणि ती फीत हातात उंच धरून दाखवतो. कप्तान वरून हात हलवून पोच देतो. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने हा क्षण अवश्य पाहावा. खीळ आतच राहून गेली तर टिलर कितीही फिरवला तरी चाक हुकूम मानणार नाही. म्हणून सुकाणू मोकळे झाल्याची साक्ष एका माणसाने दुसऱ्याला समक्ष द्यावी, असा हा दंडक आहे.

आता बिघाडाविषयी. तेलाचा दाब उतरतो, झडप अडकते, चाकाचा कोन मोजणारे उपकरण चुकीची बातमी देते, किंवा खांबाचे वरचे आणि खालचे अंग जोडणारी कैची सुटते. पण कारणे अनेक असली तरी परिणाम मुख्यतः दोनच: चाक मोकळे सुटते, अथवा चाक अडून बसते. पैकी पहिला पुष्कळ सौम्य. रचनाकारांनी तत्त्वच असे स्वीकारले आहे की, मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन यांचा मेळ बसेनासा झाला की यंत्राने दाब तोडून चाक मोकळे करावे. मोकळे चाक विमान जाईल तिकडे निमूटपणे वळते. मग कप्तान वेग उतरवतो, एका बाजूचा ब्रेक हलके दाबतो, जरूर तर दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला किंचित जोर देतो, आणि विमान गाडीसारखे फिरते. मात्र चाक वाकड्या कोनात अडले तर असली चतुराई करू नये. तेथे जागीच थांबावे, नियंत्रण मनोऱ्याला वर्दी द्यावी, आणि ट्रॅक्टर येण्याची वाट पाहावी.

अडलेल्या चाकाचे गांभीर्य किती, याचा दाखला जमिनीवरचा नव्हे, आकाशातला आहे. पण सुकाणू तेच. २१ सप्टेंबर २००५ रोजी अमेरिकेत बरबँकहून न्यूयॉर्कला निघालेल्या जेटब्ल्यू कंपनीच्या ए३२० विमानाची पुढची चाके ९० अंशांत आडवी होऊन बसली. विमानात १४० प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. सुमारे तीन तास घिरट्या घालून वैमानिकांनी इंधन जाळले आणि लॉस एंजेलिसला विमान उतरवले. टायर जळून गेले, ठिणग्यांचा लोळ उठला, पण विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर थांबले आणि कुणालाही इजा झाली नाही. चौकशीत निघाले ते मनन करण्यासारखे आहे. खांबाच्या आतील भाग फिरू नये म्हणून बसवलेले धातूचे दोन कान थकून तुटले होते, आणि ते थकले होते उतरण्यापूर्वी सुकाणूची जी स्वयंचलित चाचणी यंत्र वारंवार घेते तिच्या धक्क्यांनी. बिघाड आधी कळावा म्हणून योजलेली तपासणीच झीज घडवत होती. त्यावरून असे दिसते की, तपासणी नेमून दिली म्हणजे काम संपले असे नाही. त्या तपासणीवरही कुणीतरी जाणत्याने नजर ठेवावी लागते.

कऱ्हाडची धावपट्टी विमानविद्येच्या प्राथमिक शिक्षणासाठीही वापरली गेली आहे. सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानात पुढचे चाक पेडलांनी फक्त १० अंशांच्या आसपास वळते; एका बाजूचा ब्रेक दाबला की तेच ३० अंशांपर्यंत जाते. म्हणजे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवसांत, जमिनीवरच, एक बाजू थोपवून दुसरी पुढे काढण्याचा धडा मिळतो. उड्डाणाच्या स्वप्नाने आलेल्या मुलाला हा धडा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो तसा मानू नये. मोठ्या विमानात सुकाणू गेले त्या दिवशी हाच धडा त्याच्या हाती उरणार आहे.

आणि वाचकांना एवढीच विनंती की, आपले विमान धावपट्टीकडे जाता जाता मध्येच थांबले, आणि सुकाणूत दोष असल्याने ट्रॅक्टर मागवला आहे अशी सूचना झाली, तर रोष धरू नये. आसनाचा पट्टा बांधलेला राहू द्यावा आणि स्वस्थ बसावे. त्या घटकेला कप्तानाने जे करायला हवे तेच त्याने केलेले असते.