खलनायकाची उमेदवारी

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टीत उन्हाळ्याच्या रात्री भोवाडा रंगतो, आणि भलाथोरला मुखवटा चढवून रावणाचे सोंग उजेडात येते, तेव्हा तो रावण पुरता वाढलेला, आपल्या साऱ्या अपराधांसह सिद्ध झालेला असाच येतो. त्याला बालपण नसते, आणि ते असावे अशी जमलेल्या मंडळींची अपेक्षाही नसते. आजीला टेकून पेंगुळलेले एखादे पोर तेवढे विचारते, ‘‘हाऊ पोऱ्या व्हता तव्हय बी असाच व्हता का?’’, आणि आजी त्याला दटावून गप्प बसविते. पुराणांचीही रीत बहुधा हीच. भस्मासुराची कथा त्याच्या तपापासून आणि शंकराने दिलेल्या वरापासून सुरू होते. वर मागण्याआधी तो कोणाच्या ओसरीवर उपाशी निजत असे, हे कोणी सांगत नाही. पाश्चात्त्य चित्रपटकारांनी मात्र अलीकडे या पोराच्या प्रश्नालाच हात घातला असून, प्रेक्षकांच्या पूर्ण परिचयाच्या दुष्टाचे तारुण्य दाखविणारी पूर्वकथा हा एक स्वतंत्र चित्रप्रकारच होऊन बसला आहे. त्यातला विचार करण्याजोगा नमुना म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला, फ्रान्सिस लॉरेन्स यांनी दिग्दर्शिलेला ‘द हंगर गेम्स : द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ हा चित्रपट होय. सुझान कॉलिन्स यांच्या २०२० सालच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे.

उत्तर अमेरिकेच्या भग्नावशेषांवर उभे राहिलेले पॅनेम हे एक काल्पनिक राज्य. मध्ये ऐश्वर्यात लोळणारी राजधानी कॅपिटॉल, आणि भोवती तिला कोळसा, धान्य, कापड, लाकूड पुरविणारे बारा जिल्हे. पूर्वी केव्हातरी या जिल्ह्यांनी बंड केले, ते मोडले गेले, आणि त्या बंडाचा दंड म्हणून दरसाल प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा व एक मुलगी अशी चोवीस मुले चिठ्ठ्या टाकून निवडावयाची व एक उरेपर्यंत त्यांना एकमेकांशी झुंजवावयाचे, असा त्या सरकारचा शिरस्ता. २०१२ ते २०१५ या काळात आलेल्या चार चित्रपटांत या राज्याचा अध्यक्ष कोरिओलेनस स्नो हा पांढऱ्या दाढीचा, सौम्य बोलणारा आणि शांतपणे विष घालणारा वृद्ध होता. डोनल्ड सदरलंड या थोर नटाने तो अविस्मरणीय केला. नव्या चित्रपटात आपण चौसष्ट वर्षे मागे जातो आणि टॉम ब्लाइथ या तरुण नटाच्या रूपाने अठरा वर्षांचा स्नो पाहतो.

जळगाव-धुळ्याकडचा वाचक ही कथा कोणत्या बाजूने पाहील, हे सांगावयास नको. भुसावळजवळच्या दीपनगरच्या धुराड्यांखाली राहून भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत, आणि आपला कापूस दूरच्या गिरण्यांकडे जाताना ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिला आहे, त्यांना राजधानी आणि जिल्हा यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. १८५२ साली सरकारी मोजणीच्या विरोधात सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातली रयत उठली होती, ती काही चित्रपट पाहून नव्हे. या पूर्वकथेची करामत अशी की, ती अशा प्रेक्षकालाही काही काळ राजधानीच्या माणसाच्या पोटात शिरावयास लावते, कारण ते पोटही रिकामेच आहे.

स्नोचे घराणे नामांकित, पण युद्धात बाप गेला आणि दौलतही गेली. घरात म्हातारी आजी, टायग्रिस नावाची चुलत बहीण आणि कोबीचे कालवण. बाहेर मात्र खानदानाचा रुबाब जसाच्या तसा राखावयाचा. समारंभाला जाण्यासाठी ही बहीण बापाचा जुना सदरा उसवून नवा करून देते आणि त्याला स्नानगृहाच्या फरशीच्या तुकड्यांची बटणे लावते. पडत्या काळातल्या प्रतिष्ठित घराची ही लाज ज्याला ठाऊक नाही असे घर वाडा-संस्कृतीत विरळाच सापडेल. म्हणून आपण या पोराच्या बाजूने होतो, आणि दिग्दर्शकाला नेमके तेच हवे असते.

पुढे तो जे करतो ते तलवारीने नव्हे, टिपणाने. झुंजीला कंटाळून लोक पाहीनासे झाले आहेत, तेव्हा त्यांचे मन तिच्यात गुंतवावे कसे, याचा मसुदा तो लिहून देतो : प्रेक्षकांनी मुलांवर पैजा लावाव्यात, आवडत्या मुलाला अन्न धाडावे, म्हणजे पाहणारा प्रत्येकजण या व्यवहारात भागीदार होईल. त्याच्यासमोर बसलेल्या डॉक्टर गॉल या खेळाच्या मुख्य अधिकारी, आणि व्हायोला डेव्हिस यांनी त्या पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशा उभ्या केल्या आहेत. त्या हा कागद विषारी सर्पांच्या हौदात टाकतात व काढून घ्यावयास सांगतात. ज्याचा गंध ओळखीचा त्याला हे सर्प चावत नाहीत. स्नोच्या हाताचा गंध त्या कागदाला लागलेला, म्हणून तो वाचतो, आणि न लिहिता श्रेय घेऊ पाहणाऱ्या त्याच्या सहाध्यायिनीला दंश होतो. कोणीही दुसरा या प्रसंगातून भयभीत होऊन बाहेर पडला असता. स्नो त्यातून युक्ती घेऊन बाहेर पडतो, आणि पुढे हेच सर्प झुंजीत सोडले जाण्याआधी, झुंजणाऱ्या मुलांपैकी मार्गदर्शनासाठी आपल्या वाट्याला आलेल्या ल्युसी ग्रे या गायिका मुलीचा गंध असलेला रुमाल त्याच हौदात गुपचूप टाकून तिचे प्राण वाचवितो. करुणा, लबाडी आणि स्वतःच्या बक्षिसाची हाव ही त्या एका कृतीत इतकी मिसळली आहेत की, त्यांचा हिशेब वेगळा करता येत नाही. माझ्या मते सबंध चित्रपटाचा कस या हौदापाशी लागतो.

मराठी रसिकाला येथे घाशीराम आठवल्यावाचून राहत नाही. इतिहासातला घाशीराम सावळदास औरंगाबादेचा. तो पेशवाईत पुण्याचा कोतवाल झाला, आणि १७९१ साली त्याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी कित्येक गुदमरून मेल्यावर खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तो कनोजहून पोट भरावयास पुण्यात येतो, चोरीचा आळ घेऊन बडविला जातो, आणि त्या अपमानाचा सूड म्हणून आपली मुलगी नाना फडणवीसांच्या स्वाधीन करून कोतवाली पदरात पाडून घेतो. डिसेंबर १९७२ मध्ये जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुण्यात रंगमंचावर आले, आणि नानांची बदनामी झाली म्हणून केवढा गदारोळ उठला, तो सर्वश्रुत आहे. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र झाकली गेली : तेंडुलकरांचे लक्ष घाशीरामाच्या क्रौर्यावर जेवढे आहे, त्याहून अधिक त्याच्या नेमणुकीवर आहे. अपमान पुष्कळांचे होतात. त्या प्रत्येकाच्या हाती रात्रीच्या परवान्याचा शिक्का येत नाही. तो शिक्का देणारा नाना कोतवालाच्या कृत्यांचे पाप कोतवालाच्या खाती जमा होईल हे जाणून देतो, आणि काम सरताच त्याच लेखणीने त्याच्या मृत्यूचा हुकूम लिहितो. (१९७६ साली या नाटकाचा चित्रपट झाला, त्यात ओम पुरी घाशीराम होते, पण नाटकातली ती माणसांची नाचती-गाती भिंत पडद्यावर यावी कशी?)

गॉलबाई या त्या राज्यातल्या नाना फडणवीस होत. फरक असा की, पुण्याचा कोतवाल वापरून फेकला जातो, तर पॅनेमचा हा उमेदवार आपल्या वरिष्ठांपैकी एकाला, खेळाची मूळ कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या हायबॉटमला, विष घालून वर चढतो. भस्मासुराचा हात येथे वर देणाऱ्याच्या डोक्यावर खरोखरच पडतो, आणि त्याला रोखावयास मोहिनी कोणी येत नाही.

चित्रपट निर्दोष नाही. अडीच तासांहून लांबलेल्या या कथेचा शेवटचा भाग, जिथे स्नो बाराव्या जिल्ह्यात शिपाई म्हणून धाडला जातो, विश्वासू मित्र सेजानस याचे बोलणे गुप्तपणे वर पोचवून त्याला फासावर चढवितो आणि अखेर ल्युसी ग्रेवरच बंदूक रोखतो, तो फार घाईने उरकला आहे. कादंबरीत त्याच्या मनातले हिशेब ओळीओळीने वाचावयास मिळतात, पडद्यावर ते ब्लाइथच्या चेहऱ्यावरून ताडावे लागतात. तरीही दिग्दर्शकाने एक गोष्ट कटाक्षाने पाळली आहे. मित्राचा विश्वासघात करताना स्नो कोणाच्या दडपणाखाली नसतो. त्याला दुसरा रस्ता स्पष्ट दिसत असतो.

‘गरिबीने त्याला असे केले’ असे म्हणणारे प्रेक्षक अर्थातच पुष्कळ भेटतात, आणि पूर्वकथा म्हणजे दुष्टाची वकिली असा आक्षेप त्यांच्यामुळेच बळावतो. त्यांनी टायग्रिसकडे पाहावे. तेच घर, तीच आजी, तोच कोबी. उपासमारीत तिचा वाटा भावाहून कमी नव्हता. परंतु तिच्या वाट्याला कोणाची नेमणूक आली नाही, आणि आली असती तरी तिने ती घेतली असती असे चित्रपटातली तिची वागणूक सांगत नाही. शेवटी नव्या पोशाखात समोर उभा राहिलेला भाऊ थेट बापासारखा दिसतो, असे ती म्हणते, तेव्हा तिच्या स्वरात कौतुकाचा लवलेश नसतो. आणि आधीच्या मालिकेतल्या २०१५ सालच्या अखेरच्या चित्रपटात, राजधानीवर चालून आलेल्या बंडखोरांना आपल्या दुकानाच्या तळघरात लपवून ठेवणारी म्हातारी हीच टायग्रिस असते.