कागदावरची फाट आणि कॅमची वेळ

कंपाउंड प्रकारातील आंतरराष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धा ५० मीटर अंतरावरून होतात आणि त्यांतील ८० सेंटिमीटर व्यासाच्या मापाच्या लक्ष्यावर दहा गुण देणारे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजेच केंद्राकडे निघालेला बाण प्रत्येक मीटरमागे साधारण ०.८ मिलिमीटरहून अधिक ढळला, तर तो दहाच्या वर्तुळाबाहेर जातो. दोरीत बसवलेले छिद्र, ज्याला पीप म्हणतात, आणि पुढच्या हाताकडील साइट, म्हणजे नेम धरण्याचे उपकरण, यांच्यातील अंतर सुमारे ९० सेंटिमीटर धरले, तर साइट एका मिलिमीटरने सरकल्यास बाणाचे ठिकाण पाच सेंटिमीटरहून अधिक बदलते. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमधील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत नागपूरच्या ओजस देवतळे याने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले आणि त्याच दिवशी साताऱ्याच्या १७ वर्षांच्या अदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरावर १४९-१४७ अशी मात करून महिलांचे विजेतेपद पटकावले. या दोघांच्या एकाग्रतेविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु इतकी अचूकता शक्य होण्यासाठी धनुष्य, दोरी आणि बाण यांची जुळवणी किती काटेकोर असावी लागते, हा विषय तितक्याच आस्थेने समजून घेण्याजोगा आहे.

कंपाउंड धनुष्याची कल्पना अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांची असून १९६९च्या डिसेंबरमध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. साधे धनुष्य जितके अधिक ओढावे तितका दोरीचा ताण वाढत जातो. कंपाउंडमध्ये मात्र धनुष्याच्या दोन्ही टोकांना विकेंद्री चाके, म्हणजे मध्याबाहेर आस असलेले कॅम, बसवलेले असतात आणि ओढ पूर्ण होताना या कॅमची तरफ धनुर्धाऱ्याच्या बाजूने वळल्यामुळे हातावरचा भार एकदम कमी होतो. या घटीला लेट-ऑफ म्हणतात. स्पर्धेत कमाल ६० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम ओढीचे धनुष्य चालते. त्याचा लेट-ऑफ ७५ टक्के असेल, तर नेम धरताना बोटांतील रिलीजवर, म्हणजे दोरी सोडण्याच्या खटक्याच्या उपकरणावर, केवळ १५ पौंड भार उरतो. साठवलेली ऊर्जा मात्र तेवढीच राहते आणि २२-२३ ग्रॅमचा बाण ती घेऊन सेकंदाला ८० ते ८५ मीटर वेगाने सुटतो.

या सोयीची किंमत जुळवणीत मोजावी लागते. दोन कॅम, एक दोरी, दोन केबल, दोन्ही टोकांच्या लवचीक पट्ट्या म्हणजे लिंब आणि त्यांना धरणारा ॲल्युमिनियमचा मधला सांगाडा म्हणजे रायझर, हे सारे एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे एक घटक हलवला की बाकीचे थोडेथोडे सरकतात. नवे धनुष्य हाती आल्यावर बाण एकत्र पडेनात, की नवशिका धनुर्धारी प्रथम साइट फिरवतो, मग बाण ज्या टेकूवर विसावतो तो रेस्ट सरकवतो, मग बाण बदलतो आणि अखेरीस मूळ दोष कोणता होता हेच समजेनासे होते. मराठवाड्यातल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही टूल रूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कार्यशाळेत, नव्या डायवरचा पहिला नग मापात आला नाही, तर जुळवणी करणारा सेटर एकाच वेळी तीन गोष्टी बदलत नाही. धनुष्यालाही तीच शिस्त लागते.

तपासणी बाण सोडण्यापूर्वीच सुरू व्हायला हवी. दोन्ही कॅमच्या आसांमधील अंतर आणि पकडीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात, ही मापे उत्पादकाने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावीत. ती जुळत नसतील, तर बहुधा दोरी किंवा केबल यांची लांबी चुकलेली असते आणि पुढची कोणतीही दुरुस्ती चुकीच्या पायावर उभी राहते. लिंबचे बोल्ट वर आणि खाली सारख्याच फेऱ्यांनी फिरवलेले आहेत का, हेही याच वेळी पाहावे.

त्यानंतर येते कॅमची वेळ, आणि सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. पूर्ण ओढीला प्रत्येक कॅमवरची थांबखुंटी केबलला किंवा लिंबला टेकते आणि ओढीला भिंतीसारखा अटकाव होतो. दोन्ही खुंट्या एकाच क्षणी टेकल्या, तर तो अटकाव घट्ट जाणवतो. एक आधी आणि दुसरी नंतर टेकली, तर तो मऊ, दबका लागतो. परिणाम एवढ्यावर थांबत नाही. पुढे असलेला कॅम दोरीला आपल्या बाजूला अधिक वेगाने ओढत असल्यामुळे सुटीच्या सुमारे १५ मिलिसेकंदांत बाणाची शेपटी सरळ रेषेत पुढे न जाता वर किंवा खाली चढत-उतरत जाते. स्वतः धनुष्य ओढून धरताना हा फरक नीट दिसत नाही, म्हणून ते ड्रॉ बोर्डवर, म्हणजे धनुष्य अडकवून हातविंचने हळूहळू ओढण्याच्या फळीवर, चढवून पाहतात. दुरुस्ती केबलला पीळ देऊन किंवा काढून होते, कारण पीळ वाढला की केबल आखडते आणि संबंधित कॅम किंचित फिरतो. एकदा अर्धा वा एक पीळ देऊन पुन्हा पाहणे एवढीच रीत योग्य. त्यासाठी लिंब दाबून ताण उतरवणारा बो प्रेस आवश्यक असतो. प्रेसवाचून केबल उतरवण्याचा प्रयत्न आणि बाण न लावता दोरी सोडणे या दोन्ही गोष्टी पूर्णपणे वर्ज्य आहेत, कारण पूर्ण ओढलेल्या धनुष्यात शंभर ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि ती घेऊन जायला बाण नसेल, तर ती लिंब व कॅम यांनाच फोडते.

कॅमची वेळ साधल्यानंतरच कागदी चाचणीला अर्थ उरतो. चौकटीत ताणलेल्या कागदातून सुमारे दोन मीटरवरून बाण सोडला आणि तो मागच्या गादीत रुतण्यापूर्वी कागदातून पूर्ण पार झाला, तर कागदावरची फाट बाणाची त्या क्षणाची स्थिती दाखवते: टोकाचे गोल छिद्र आणि त्याभोवती तीन पिसांच्या चिरा दिसल्या, तर बाण सरळ गेला; शेपटीची फाट वर गेली असेल, तर शेपटी उंच होती. वर गेलेली फाट पाहून रेस्ट उचलणे हा सर्वसाधारण प्रतिसाद असतो. परंतु दोरीवर बाण अडकवण्याची जागा, म्हणजे नॉकिंग पॉइंट, वर असणे, रेस्टची पोलादी पाती बाणाच्या वजनाच्या मानाने फार ताठ असणे, पीस रेस्टला घासणे आणि कॅमची वेळ चुकणे या चारही कारणांनी अगदी तशीच फाट पडते. पीस घासते का, हे पिसांना पायाला लावायच्या पावडरीचा फवारा मारून एका बाणात कळते. म्हणून ती शक्यता आधी दूर करावी. फाट हे लक्षण आहे आणि रेस्ट हलवून ते झाकता येते, यातच या चाचणीचा धोका आहे: दोन मीटरवरचा कागद निर्दोष दिसतो आणि ५० मीटरवर बाण पुन्हा विखुरतात.

आडवी फाट अधिक गुंतागुंतीची असते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या धनुर्धाऱ्याच्या बाणाची शेपटी डावीकडे फाटत असेल, तर बाण गरजेपेक्षा लवचीक असू शकतो, केबल एका बाजूला ओढल्या गेल्याने कॅम तिरका झुकलेला असू शकतो किंवा तळहात पकडीला पिळत असू शकतो. हे तिसरे कारण सर्वाधिक वेळा खरे ठरते, असे मानून तपास सुरू करणे शहाणपणाचे, कारण लेट-ऑफमुळे दोरीचा ताण कमी झालेल्या अवस्थेत तळहाताचा किंचित पीळही धनुष्य सहज वळवतो. पकड अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर टेकवून, बोटे सैल ठेवून पाच-सहा बाण सोडावेत. फाट प्रत्येक वेळी वेगळी पडली, तर दोष हाताचा, आणि एकसारखी पडली, तर तो यंत्राचा किंवा बाणाचा समजावा.

बाणाच्या ताठपणाला स्पाइन म्हणतात आणि तो मोजण्याची पद्धत साधी आहे. २८ इंचांवर ठेवलेल्या दोन टेकूंवर बाणाची दांडी आडवी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगले असता ती जितकी वाकते, त्याचा इंचाच्या हजारांश भागातील आकडा म्हणजे तिचा स्पाइन; ४०० आकड्याची दांडी ०.४ इंच, म्हणजे १०.१६ मिलिमीटर वाकते, आणि आकडा लहान तितकी दांडी ताठ. धनुष्यातून सुटताना मात्र बाण याहून निराळा वागतो: दांडी लांब ठेवली किंवा टोक जड केले, तर तोच बाण अधिक लवचीक असल्यासारखा वाकतो. त्यामुळे ओढीचा भार बदलल्यानंतर बाण तेच ठेवणे चुकीचे ठरू शकते.

मराठवाड्यात या साऱ्यात उन्हाची भर पडते. दोरीचे तंतू बहुतांशी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे असतात. ते वजनाच्या मानाने विलक्षण बळकट असले, तरी सतत ताणाखाली हळूहळू कायमचे लांबतात आणि तापमान वाढले की हा वेगही वाढतो. याला सरपट किंवा क्रीप म्हणतात आणि तो रोखण्यासाठी अनेक दोऱ्यांत क्रीप जवळजवळ न होणारे व्हेक्ट्रान तंतू मिसळलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेले नवे धनुष्य आदल्या दिवशीची जुळवणी गमावू शकते: दोरी लांबली, तर पीप फिरते आणि ओढीची लांबी बदलते, केबल लांबली, तर कॅमची वेळ सरकते. यासाठी नव्या दोरीवर शंभर-दोनशे बाण सोडून झाल्याखेरीज अंतिम जुळवणी करू नये आणि ती झाल्यावर प्रत्येक कॅमवर लिंबच्या कडेशी बारीक खूण करून ठेवावी. खूण हलली की दोष कोठे शोधायचा, हे तत्क्षणी कळते.

लॉस एंजेलिस येथील २०२८च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे, त्यामुळे ही धनुष्ये घेणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढेल, अशी अपेक्षा रास्त आहे. प्रत्येकाला स्वतःचा बो प्रेस परवडणारा नाही. प्रमाणित प्रेस सामायिक वर्गणीतून घेता येतो, तर ड्रॉ बोर्ड, कागदाची चौकट आणि स्पाइन मोजण्याचे टेकू ही साधने वाळूजमधील एखादी टूल रूम सहज तयार करू शकते. येथील कारागिरांनी जवळच्या तिरंदाजी प्रशिक्षकांना बोलावून ती करून द्यावीत.