माल्ट भरडण्याची गिरणी

घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद ब्रिटन व अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली; अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करमुक्त ठरविली. आरंभी बहुतेक हौशी मंडळी माल्टचा तयार अर्क वापरतात. पुढे मात्र अख्ख्या धान्यापासून सुरुवात करावीशी वाटते आणि मग गिरणीचा प्रश्न उभा राहतो.

माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळविलेली बार्ली. तिच्या दाण्यात स्टार्च असतो, तसेच स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी एंझाइमेही असतात. माल्टची भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवली की ही साखर तयार होते. त्यानंतर गोड रस खालून काढून घ्यावयाचा असतो. तो गाळण्याचे मुख्य काम भांड्याच्या तळच्या जाळीवर साचलेला टरफलांचा थर करतो. म्हणूनच येथे पीठ उपयोगाचे नाही. दळणे आणि भरडणे यांतील भेद लापशीसाठी गहू भरडणाऱ्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. येथेही तोच भेद महत्त्वाचा आहे. दाणा फुटावा, पण टरफल शक्यतो अखंड राहावे.

भरड फार जाड राहिली, तर पाणी स्टार्चपर्यंत नीट पोहोचत नाही आणि धान्यातील साखर वाया जाते. ती फार बारीक झाली, तर लगदा घट्ट बसून रसाचा प्रवाह थांबतो. टरफलांचा चुरा झाल्यास बिअरमध्ये तुरटपणा उतरण्याचाही संभव असतो.

गिरण्यांचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात लोखंडी चकत्या एकमेकींवर फिरतात. मुळात मक्यासाठी वापरली जाणारी ही गिरणी स्वस्त असते. परंतु तिच्यात दाणा घासला जात असल्यामुळे टरफले फाटतात. दुसऱ्या प्रकारात खरबरीत पृष्ठभागाचे दोन पोलादी रूळ परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात व दाणा त्यांमध्ये चिरडला जातो. ही गिरणी महाग असली, तरी या कामाला अधिक योग्य होय. रुळांचा व्यास जितका मोठा, तितका दाणा सहज आत ओढला जातो. ज्याला वर्षातून दोन-तीन वेळाच बिअर करावयाची आहे, त्याने दुकानातून माल्ट भरडून आणलेले बरे. नेहमी करणाऱ्याला मात्र गिरणी फायद्याची ठरते, कारण अख्खे माल्ट कोरड्या जागी कित्येक महिने टिकते. भरडलेले लवकर शिळे होते.

गिरणी भक्कम फळीवर घट्ट बसवावी. रुळांमधील फट आरंभी सुमारे १ मिलिमीटर ठेवावी आणि ती दोन्ही टोकांना मोजण्याच्या पातळ पट्टीने तपासावी. एका टोकाला ती जास्त असल्यास भरड असमान होते. मग मूठभर माल्ट भरडून पांढऱ्या कागदावर पसरावे. अख्खे दाणे दिसल्यास फट किंचित कमी करावी. पीठ फार पडल्यास वाढवावी. गव्हाच्या माल्टला टरफल नसते व त्याचे दाणे कठीण असतात, म्हणून त्यासाठी फट अरुंद लागते. कापडी पिशवीत धान्य भिजविण्याच्या पद्धतीत गाळण्याचे काम कापड करते. तेथेही अधिक बारीक भरड चालते.

विजेच्या ड्रिलने गिरणी फिरवावयाची असल्यास वेग मिनिटाला १५० ते २०० फेऱ्यांच्या आसपास असावा. अतिवेगाने टरफले फाटतात. भरडण्यापूर्वी दर किलोग्रॅम माल्टवर सुमारे २० मिलिलिटर पाणी शिंपडून दाणे हलवावेत व दहा-पंधरा मिनिटे थांबावे. त्यामुळे टरफल लवचीक होते, आतला गर मात्र कोरडाच राहतो.

धान्याच्या धुळीबरोबर दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू उडतात व ते बिअर आंबवू शकतात. म्हणून बिअर जेथे किण्वनासाठी ठेवलेली असते, तेथून गिरणी दूर असावी. काम संपल्यावर रूळ कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने धुतल्यास पोलाद गंजते. प्रत्येक खेपेची फट व मिळालेला रस यांची नोंद ठेवल्यास आपल्या गिरणीला व भांड्याला मानवणारे माप थोड्याच खेपांत हाती लागते.