तांबे तेच, ज्योत वेगळी

काचेचा मणी चमचमला की आपण त्याला खड्याची नक्कल म्हणतो. त्याच्या अंगावर धातूची झाक किंवा न योजलेली काळसर रेघ दिसली, की भट्टीत काहीतरी बिनसले असे समजतो. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. ज्योतीवर मणी घडवणारे कारागीर काही काचा मुद्दाम निवडतात, कारण त्या शेजारच्या काचेशी, धुराशी, प्राणवायूशी प्रतिक्रिया करतात आणि रंग पालटतात. काही काचांच्या पोटात धातूचे चकाकते स्फटिक असतात. अशा मण्याची किंमत तो कशासारखा दिसतो यावरून ठरवू नये. तो घडवताना आगीवर किती ताबा लागला, यावरून ठरवावी. कोल्हापूरसारख्या शहराला, जिथे सोने, चांदी आणि ओतीव लोखंड यांची जाण घराघरांत आहे, हे पटायला हरकत नसावी.

याचा पुरावा गावातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडाचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वतीने पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 मध्ये केले आणि 1952 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ब्रह्मपुरी म्हटले की लोकांना पॉसिडॉनची रोमन कांस्यमूर्ती आठवते, आणि टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात तिच्यापुढे ते थांबतातही. त्याच टेकाडाने काचेचे मणी आणि बांगड्या दिल्या, त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. दीक्षितांनी मात्र हा विषय सोडला नाही. भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने 1969 मध्ये काढला. दक्खनमधल्या आणि दक्षिणेतल्या प्राचीन स्थळांवर, पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला तर विपुल, असे बारीक मणी सापडतात: विटकरी लाल, निळे, हिरवे. ते काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे करून बनवलेले. सळईवर काच गुंडाळण्याची आजची रीत निराळी, पण रंगाचे रसायन तेच. आणि त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की त्यांतला विटकरी लाल आणि पुष्कळदा त्यांतला निळा-हिरवा, दोन्ही रंग तांब्याचेच आहेत.

वितळत्या काचेला भरपूर प्राणवायू मिळाला तर तांबे काचेत विरघळून राहते आणि काच फिरोजी निळी दिसते. प्राणवायू कमी पडला तर तांबे विरघळलेले राहत नाही. ते धातूच्या किंवा त्याच्या लाल ऑक्साइडच्या बारीक कणांच्या रूपात बाहेर पडते आणि काच अपारदर्शक लाल होते. त्याहून पुढे, काच प्राणवायूच्या उपासात ठेवून अतिशय सावकाश थंड होऊ दिली, तर तांब्याचे कण वाढून सपाट, त्रिकोणी-षटकोनी पत्रे बनतात. प्रत्येक पत्रा आरशासारखा उजेड परततो. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर सतराव्या शतकापासून बनत आलेली ॲव्हेंच्युरिन काच ती हीच. आपल्या बाजारात तिचे खडे ‘सनसितारा’ म्हणून विकले जातात. फिरोजी, लाल आणि सोनेरी चमचम या तिन्हींत धातू एकच, फरक पडला तो आगीने. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने लाल काच पुन्हा पुन्हा तशीच काढली, त्याला रसायनशास्त्राची सूत्रे ठाऊक नव्हती, पण भट्टीची हवा कशी रोखायची हे पक्के ठाऊक होते.

ज्योतीवर मणी घडवताना हीच गोष्ट हाताच्या अंतरावर घडते. लेप लावून वाळवलेल्या पोलादी सळईवर मऊ झालेली काचेची कांडी गुंडाळायची, ज्योतीत फिरवत गोल करायची आणि झालेला मणी साधारण 500 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून हळूहळू थंड करायचा, नाहीतर तो तडकतो. इथवर कष्ट आहेत. कसब लागते ते प्रतिक्रिया करणाऱ्या काचांना. फिरोजी काच गॅस जास्त आणि प्राणवायू कमी अशा ज्योतीत गेली तर तिच्यावर तांबूस साय धरते. चांदी मिसळलेली काच त्याच ज्योतीत क्षणभर धरली तर चांदी पृष्ठभागावर येऊन आरशासारखी झळकते. दुसऱ्या जातीची चांदीची काच आधी थोडी निवू द्यावी लागते आणि मग हलकेच तापवावी लागते. तेव्हा आतले चांदीचे कण वाढतात, आणि त्यांच्या आकारानुसार पिवळट, जांभळा, निळा असे रंग उमटत जातात. कुठे थांबायचे हे डोळ्याने ठरते, तेही तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झगमगाटात, जो गाळण्यासाठी खास चष्मा लावावा लागतो. हस्तिदंती रंगाच्या काचेत गंधक असते. तिच्यावर फिरोजी ठिपका ठेवला की दोहोंच्या सीमेवर गडद रेघ उठते, आणि चांदीचा वर्ख बसवला की तपकिरी जाळे पसरते. कोल्हापूरजवळच्या हुपरीची चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते हे ज्याने पाहिले आहे, त्याने ही प्रतिक्रिया आधीच पाहिली आहे. चमचमत्या काचेची अट उलटी: तिला फार धग लागली की स्फटिक विरतात आणि उरतो तो मळकट तपकिरी गोळा. म्हणून जाणता कारागीर ती ज्योतीच्या कडेला, बेताने तापवतो किंवा वर पारदर्शक काचेचे कवच चढवतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की दोन मणी कधी सारखे उतरत नाहीत, मग हे नशीबच नव्हे का? तंतोतंत सारखे उतरत नाहीत, हे खरे. पण नशिबाच्या खेळात कारण सांगता येत नाही. इथे रेघ का आली, झाक का गेली, याचे कारण सांगता येते आणि पुढच्या मण्यात ते बदलता येते. दुसरा आक्षेप नकलेचा. सनसितारा खाणीतून निघालेला दगड म्हणून विकणे ही फसवणूकच, त्यात दुमत नाही. पण तो दोष विकणाऱ्याच्या जिभेचा. लपवाछपवी न करता काच म्हणून विकलेली काच कशाचीच नक्कल नसते. मंगळसूत्रातले काळे मणी बहुधा काचेचेच असतात, आणि त्यांना कुणी खोटे म्हणत नाही. कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्यातले पोकळ मणी लाखेने भरतात, म्हणून साजाची प्रतिष्ठा उणावलेली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. रंगीत कांड्या परदेशी कारखान्यात बनतात, मग इथल्या हाताचे श्रेय ते काय? कांडी बनवणाऱ्याचे श्रेय मोठे आहे, ते द्यायलाच हवे. तरीही कांडीत रंगाची फक्त शक्यता असते. तीच फिरोजी कांडी एका हातात निळी राहते, दुसऱ्या हातात करपते. शिवाय सगळ्या काचा एकमेकींत मिसळत नाहीत. मुरानोची मऊ काच आणि प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच यांचे प्रसरण इतके भिन्न, की एकत्र केलेला मणी निवताना फुटतो. ही निवडही कारागिराचीच. गुजरी या इथल्या सराफ बाजारातल्या सोनाराने घडवलेले सोनेही कोल्हापूरच्या खाणीतले नसते, आणि कारागिरी कोणाची हे आपण त्यावरून ठरवत नाही.

देशात मण्यांचे काम उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोल्हापुरात ते उभे करायला मोठा कारखाना लागत नाही: एक गॅसची टॉर्च, हवा खेळती असलेली खोली, एक छोटी विजेची भट्टी आणि ज्योतीतला फरक ओळखणारा शिक्षक. इथल्या कला महाविद्यालयांनी आणि आयटीआयने एवढा वर्ग सुरू करून पाहावा, सोबत विद्यार्थ्यांना ब्रह्मपुरीचे मणी दाखवावेत. आणि वाचकांना विनंती एवढीच, की दुकानात चमचमता मणी हातात आला तर तो काचेचा आहे का, हे आधी विचारा. हो म्हणाले तर दगडाचा भाव देऊ नका, घडवणाऱ्याच्या हाताचा मात्र जरूर द्या.